सेट कर, सेव्ह करू नकोस

"बाई नको, इंजिनिअर पाठवा," असा फोन आमच्या पेणच्या वर्कशॉपमध्ये महिन्यातून एकदा तरी यायचाच. मालक रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघत हसायचे आणि मग फोनमध्ये म्हणायचे, "तीच इंजिनिअर आहे हो. डिप्लोमा आहे तिला." हे ते अशा सुरात सांगायचे, की मला कसला तरी आजार आहे पण काळजीचं कारण नाही, असं पलीकडच्याला वाटावं. दुसऱ्या दिवशी खांद्यावर केबलची पिशवी आणि हातात विटेसारखा जड लॅपटॉप घेऊन मी एस.टी.त चढायची. पोचले की गिऱ्हाईक माझ्या मागे बघायचं. साहेब मागून येत असतील, या आशेने.

साहेब कधीच मागून आले नाहीत. काम मीच केलं. चार वर्षं केलं आणि चांगलं केलं. पत्रकं वाटणारी पोरगी म्हणून मला ओळखणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

आम्ही कंट्रोल बोर्ड बनवायचो. हीटर, पंप, गेट असल्या गोष्टी वेळेवर चालू-बंद करणारे छोटे कॉम्प्युटर, लोखंडी पेटीत बसवलेले. पेटीला सगळे पॅनेल म्हणायचे. बोर्डाला वीज मिळाली की त्यातला मुख्य प्रोग्रॅम लगेच उठत नाही. आधी एक चिमुकला प्रोग्रॅम उठतो, त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचं काम एवढंच, की मोठ्या साहेबांना जागं करायचं आणि आज कसं वागायचं ते त्यांच्या कानात सांगायचं. हे 'कसं वागायचं' एका यादीसारखं असतं. हीटर किती तापवायचा, पंप किती वेळ चालवायचा. एक नाव, त्यापुढे एक आकडा. याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असं भारदस्त नाव आहे. आम्ही नुसतं 'व्हॅल्यू' म्हणायचो.

वीज दिल्यावर पहिल्या काही क्षणांत एखादी कळ दाबली, की बूटलोडर थबकतो. लॅपटॉपच्या पडद्यावर एक खूण लुकलुकत राहते. म्हणजे तो विचारतोय, बोला. तिथे तीन शब्द आले की पोट भरतं. 'प्रिंट' म्हटलं की तो सगळ्या व्हॅल्यू दाखवतो. 'सेट' म्हटलं की व्हॅल्यू बदलतो. आणि 'सेव्ह' म्हटलं की बदललेली व्हॅल्यू चिपमध्ये कायमची लिहितो. सेट केलं आणि सेव्ह केलं नाही, तर वीज आहे तोवरच तुमचा बदल खरा. वीज गेली आणि परत आली, की बोर्ड चिपमधलं जुनंच वाचणार. तुम्ही कोण, काल काय सांगून गेलात, त्याला काही घेणंदेणं नाही.

जोह्याच्या एका गणपती कारखान्यात मी यासाठी तीनदा गेले. पावसात मूर्ती वाळवायला त्यांनी एक हीटरची खोली केली होती, तिला आमचा बोर्ड होता. कारखानदार दर वेळी फोनवर ओरडायचे, "तुमचं मशीन इसरभोळं हाय!" त्यांच्या जावयाने मुंबईहून येऊन सेट कसं करायचं ते त्यांना शिकवलं होतं. सेव्ह शिकवायच्या आधी जावईबापूंची गाडी आली असावी. लाइट गेली की खोली परत भट्टीसारखी तापायची आणि बाप्पांच्या पोटाला चिरा पडायच्या. तिसऱ्या वेळी मी त्यांच्याच बोटाने सेव्ह लिहून घेतलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "येवढंच? मग बसनं कशाला आलीस? फोनवर सांगायचं होतंस!" मी म्हटलं, "फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता?" बाजूला सोंडा रंगवत बसलेल्या बायका इतक्या हसल्या की एकीचा ब्रश घसरला. त्या कारखानदारांबद्दल माझ्या मनात आदर आहे. चूक कळल्यावर त्यांनी ती त्याच मिनिटाला सुधारली. पुढे ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्यांना हे जमलं नाही, आणि ते शिकलेले होते.

रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक केमिकल कंपनी आहे. नाव लिहीत नाही, कारण संपादकांना घरी बायकामुलं आहेत. या कंपनीचं 'प्रक्रिया केलेलं' सांडपाणी पाइपातून खाडीत सोडतात. प्रक्रिया हा कंपनीचा शब्द आहे, माझा नव्हे. पाइपाच्या तोंडाशी एक गेट आहे. कंपनीवर अट अशी, की गेट फक्त ओहोटीला उघडायचं, म्हणजे घाण समुद्राकडे जाईल. भरतीला उघडलं तर तीच घाण खाडीत वर चढणार, गावांकडे. गेट उघडणारा बोर्ड आमचा. त्याच्या पोटात मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीचं गणित घातलेलं होतं.

गेटवरचा ऑपरेटर सुदाम म्हात्रे. माझ्याच वयाचा, खाडीकाठच्या गावचा. पाइप त्याच्या गावाच्या जमिनीतून गेला, त्याबद्दल कंपनीने घरटी एक नोकरी कबूल केली होती. करारावर सह्या होईपर्यंत ती गावटी एक झाली. ती एक म्हणजे सुदाम. अख्ख्या गावाच्या वाट्याची कायम नोकरी हा एकटा माणूस करत होता. साहेबांसमोर तो मला 'मॅडम' म्हणायचा, साहेब नसताना 'काय गो', आणि घाईत असला की दोन्ही.

बोर्ड बसवला त्या दिवशी आम्ही दोघं पाइपाच्या तोंडाशी उभे होतो. गेट खडखडत वर गेलं. माझं लक्ष पाण्यावर. पेंढ्याची एक जुडी तरंगत होती, ती रोह्याकडे चालली होती. म्हणजे वर.

"काय गो मॅडम," सुदाम म्हणाला, "पानी तं अजून चढतंय."

"दिसतंय मला. बंद कर आधी."

मीही पेणच्या खाडीकाठचीच आहे. समुद्राची भरती खाडीत वर यायला वेळ लागतो, मुंबईला ओहोटी लागली तरी इथे तास-दीड तास पाणी चढतच असतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण प्रोग्रॅम पुण्यात लिहिलेला. लिहिणाऱ्याने एक मेहरबानी केली होती. 'लॅग' नावाची एक व्हॅल्यू ठेवली होती, मुंबईपेक्षा किती उशीर धरायचा ते सांगायला. चिपमध्ये तिच्यापुढे शून्य होता. मी पुढचे चार दिवस सुदामबरोबर पाणी बघितलं, योग्य आकडा काढला, आणि बूटलोडरला थांबवून लॅग सेट केला. सेव्ह लिहिणार, एवढ्यात वर्क्स मॅनेजर वैद्यसाहेब आले.

"काय चाललंय?"

मी सांगितलं.

"म्हणजे मंजूर व्हॅल्यू बदलतेस तू." त्यांनी चष्मा वर ढकलला. "सरकारला आपण जी माहिती दिली आहे त्यात लॅग शून्य लिहिलेला आहे. कायमचा बदल करायचा तर मुंबई हेड ऑफिसची मंजुरी लागेल."

"पण साहेब, शून्य चुकीचा आहे."

"मी कुठे बरोबर म्हणतोय? तू सेट कर. सेव्ह करू नकोस. सेव्ह केलं नाही म्हणजे तो तात्पुरता बदल, आणि तात्पुरत्या बदलाला मंजुरी लागत नाही. मंजुरी आली की सेव्ह करू."

"आणि मधे वीज गेली तर?"

ते हसले. "यूपीएस आहे. इंपोर्टेड. आपल्याकडे वीज जातच नाही."

मी पेणला येऊन मालकांशी भांडले. मालक म्हणाले, "गिऱ्हाईक नको म्हणतंय ना? मग नको. आपण बोर्ड विकतो, अक्कल नाही." मग मला सुचलं ते मी केलं. पॅनेलच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नये.' आणि सुदामला बसवून समजावलं. त्याला एका वाक्यात कळलं. "म्हंजे ह्याला झोपू द्यायचा नाय. झोपला तं सगळं इसरल." वैद्यसाहेबांना मंजुरीचं मी विचारत राहिले. फाइल फिरतेय, असं उत्तर मिळत राहिलं. त्या फाइलने एव्हाना पृथ्वीला फेरी मारली असती.

पावसाळा गेला. यूपीएसने इमानदारीत काम केलं. वीज अनेकदा गेली, बोर्डाला कळलं नाही. गेट ओहोटीलाच उघडत होतं. मग आली खंडेनवमी.

तुम्हाला ठाऊकच आहे, या दिवशी आपण यंत्रांची पूजा करतो. वर्षभर राबलेल्या यंत्राला एक दिवस विसावा, धुऊनपुसून हळदकुंकू, झेंडूची माळ. चांगली रीत आहे, माझं काही म्हणणं नाही. माझ्या सोल्डरिंग गनला मी अजूनही फूल वाहते. त्या दिवशी काय झालं ते मला नंतर सुदामने सांगितलं. वैद्यसाहेबांनी सकाळी सगळ्या खात्यांना हुकूम दिला, सगळं बंद करा, सगळं धुवा, साहेबीणबाई स्वतः पूजेला येणार आहेत. सुदामने विचारलं, "साहेब, गेटचा पॅनेलपन?"

"सगळं म्हणजे सगळं."

"साहेब, त्येला झोपवायचा नाय, मॅडमनी सांगितलंय."

"देवीला अर्धवट चालत नाही, म्हात्रे. यूपीएससकट बंद कर. मागच्या वर्षी दिव्याची ज्योत लागून केबल जळली होती, आठवतंय ना? आणि ती चिठ्ठी काढ आधी. सणाच्या दिवशी दारावर 'नये' कसलं लिहून ठेवलंय?"

चिठ्ठी ओल्या फडक्याने खरवडून काढली. पॅनेलला माळ घातली. बाईंनी दाराच्या मधोमध पाच बोटं कुंकवाची उमटवली. नारळ फुटला, पेढे वाटले, संध्याकाळी सगळी यंत्रं चालू झाली. बोर्डही उठला. त्याने चिपमधला शून्य वाचला आणि मुकाट्याने कामाला लागला. सुदामची शिफ्ट तोवर संपली होती, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. पुढे त्याची शिफ्ट बदलली, आणि साहेबांनी मला बोलावून घेतलं असेल असं तो धरून चालला. सकाळी गेटवर असणाऱ्या कंत्राटी माणसाला पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते बघायचा पगार मिळत नव्हता.

नवमी-दशमीला भांगाची भरती असते, पाणी फार वर येत नाही. त्यामुळे पाच-सहा दिवस कुणाला पत्ता लागला नाही. कोजागिरीला उधाण आलं. उधाणाचं ताजं पाणी तळ्यात घ्यायचं म्हणून सुदामच्या गावाने बांधातली दारं, म्हणजे उघाड्या, वर केल्या. या तळ्यांमध्ये जिताडा मासा पोसतात. हाताएवढं पिल्लू खाडीतून धरून आणायचं आणि दोन-तीन वर्षं वाढवायचं. जावई यायचा असला की तळ्यात जाळं पडतं. दर सणाला एक जिताडा वैद्यसाहेबांच्या घरीही जायचा, तोही याच गावचा. ते पाणी आत आलं. सकाळी तळ्यांवर जिताडे पोट वर करून तरंगत होते. वास असा, की माणसं नाकाला पदर लावून बांधावर उभी होती. मी तिथे गेले तेव्हा एक म्हातारी एकेक मासा काठीने काठाला ओढत होती. खायला नव्हे, पुरायला. मला बघून म्हणाली, "तूच ना गो ती मशीनवाली?" मी हो म्हटलं. ती परत मासे ओढायला लागली.

कंपनीने तातडीने दोन गोष्टी केल्या. पहिली, मला बोलावून लॅग परत सेट करून घेतला. मी विचारलं, "साहेब, आता तरी सेव्ह करू?" वैद्यसाहेब म्हणाले, "मंजुरी अजून आलेली नाही." हे वाक्य मी बनवलेलं नाही. मेलेले मासे डोळ्यांदेखत असताना तो माणूस हे बोलला. दुसरी गोष्ट, सुदामला सस्पेंड केलं. आरोप असा, की त्याने परवानगीशिवाय कंट्रोल पॅनेल बंद केलं. चौकशी होईल, दोषी ठरला तर नोकरी जाईल. गावाचे मासे मारले, आणि त्याबद्दल गावाचीच एकुलती एक नोकरी काढून घ्यायची, याला न्याय म्हणतात.

आता आमच्या लोकांचंही सांगते, नाहीतर वाटेल मी फक्त कंपन्यांवरच तोंडसुख घेते. आमच्या खाडी बचाव समितीचे पुढारी भाऊ. पत्रक लिहायला मी शिकले ती त्यांच्याच हाताखाली. वाक्य छोटं ठेव, क्रियापद जोरात मार, हे त्यांचं शिक्षण. भाऊंनी मजकूर सांगायला सुरुवात केली, "लिही. खाडी संपवण्याचा कंपनीचा पूर्वनियोजित कट!"

"कट नव्हता, भाऊ. त्यांनी एक शब्द टाइप केला नाही म्हणून झालं."

"हे लोकांना कसं सांगणार तू?"

"जसं तुम्हाला सांगितलं तसं."

"मला तरी कुठे कळलं?" भाऊ वैतागले. "अगं, आळशीपणावर मोर्चा निघत नाही. कटावर निघतो."

"आणि कट म्हटलं, की गेटवर कोण होतं ते विचारणार. सुदाम. तुमचा कट त्याच्याच गळ्यात पडेल."

भाऊ म्हणाले, "चळवळीत कुणाला तरी सोसावंच लागतं." त्या दिवसापासून मी भाऊंच्या पायाला हात लावणं बंद केलं. पत्रक मी माझं लिहिलं, सायक्लोस्टाइल करून स्वतः वाटलं. त्यातली पहिली ओळ होती, 'हा कट नाही. कट करायला डोकं लागतं.' खाली सेट आणि सेव्हमधला फरक आठ ओळींत. वडखळ नाक्यावर चहा पिता पिता एका ट्रक ड्रायव्हरने ते वाचलं आणि विचारलं, "मग एक बटन दाबायला साहेबाच्या बापाचं काय जात होतं?" आठ ओळींत जे मला साधलं नाही ते त्याने एका ओळीत केलं.

चौकशीला अलिबागचे एक वकील नेमले होते. सावकाश बोलणारे, सारखी तपकीर ओढणारे. मला कंपनीनेच साक्षीला बोलावलं. मालकांनी निघताना बजावलं, "आपल्या बोर्डात दोष नव्हता एवढं सांग आणि परत ये. खरं आहे ते. जास्तीचं खरं बोलू नकोस."

ऑफिसात एका बाजूला वैद्यसाहेब, मधे वकील, आणि दाराशी सुदाम. त्याला खुर्ची दिली नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून तो भिंतीला न टेकता उभा होता.

"बोर्डात काही दोष होता का?" वकिलांनी विचारलं.

"नाही."

वैद्यसाहेबांनी मान डोलावली.

"मग ऑपरेटरचा दोष?"

"नाही."

मान थांबली.

"दोन्ही नाही? मग मासे काय आत्महत्या करून मेले?"

"बोर्डाला खरा आकडा सांगितला होता, पण लक्षात ठेवू दिला नव्हता. सेट केला होता, सेव्ह करू दिला नाही. साहेबांनी."

"साफ खोटं," वैद्यसाहेब म्हणाले. "व्हॅल्यू बरोबर आहे. पहिल्यापासून बरोबर आहे. आत्ता जाऊन बघा."

"चला, बघू," वकील उठले. बसून कंटाळले असावेत.

आम्ही सगळे पॅनेलपाशी गेलो. कुंकवाची पाच बोटं अजून दारावर होती, जरा फिकटलेली. ऑपरेटरला दिसाव्यात म्हणून चालू व्हॅल्यू दाखवणारा एक छोटा पडदा दारावर आहे. त्यावर लॅग होता, मी घातलेला. बरोबर.

"बघा," वैद्यसाहेब म्हणाले.

"आता एकदा बंद करून चालू करा," मी म्हटलं. "गेट आत्ता मिटलेलंच आहे, पाणी सुटणार नाही. चालू केल्यावर हाच आकडा आला, तर सुदामची चूक, आणि मीही खोटी. मग आम्हा दोघांना काढा."

सुदामने माझ्याकडे असं बघितलं, की माझी नोकरी कुणाला विचारून पणाला लावलीस गो.

"यूपीएस बंद करता येणार नाही," वैद्यसाहेब म्हणाले. "नियम आहे."

वकिलांनी तपकिरीची डबी बाहेर काढली. "खंडेनवमीला केला होता ना?"

"ते पूजेसाठी."

"कुणी सांगितलं होतं?"

"सर्वसाधारण सूचना होती. सगळं बंद करा अशी."

"त्यातून हे पॅनेल वगळा, असं सांगितलं होतं?"

"ते ऑपरेटरला समजायला हवं होतं."

"समजायला हवं होतं म्हणजे सांगितलं नव्हतं." वकील दाराजवळ वाकले. "आणि ही बोटं कुणाची?"

वैद्यसाहेबांनी चष्मा वर ढकलला.

"साहेबीणबाईंची," सुदाम मागून म्हणाला. चौकशीतलं त्याचं तेवढंच बोलणं.

"म्हणजे मॅनेजरसाहेब," वकील तपकीर ओढत म्हणाले, "एक तर हे पॅनेल तुमच्या हुकमानेच बंद होतं. नाहीतर चालू विजेच्या पेटीला ओल्या हाताने कुंकू लावायला तुम्ही स्वतःच्या पत्नीला पुढे केलंत. यातलं काय लिहू?"

मागे उभ्या असलेल्या क्लार्कला खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

"करा बंद," वकिलांनी मला सांगितलं.

मी बंद केलं, केबल जोडली, चालू केलं आणि कळ दाबली. खूण लुकलुकली. प्रिंट. लॅगपुढे शून्य. वकिलांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि सुदामकडे न बघताच म्हणाले, "तू उद्यापासून शिफ्टला ये."

मी लॅग परत सेट केला. खरं तर माझं काम तिथे संपलं होतं. सुदाम सुटला होता. लॅपटॉप मिटून निघाले असते तर माझीही नोकरी शाबूत राहिली असती. पण सगळ्यांसमोर खूण लुकलुकत होती, विचारत होती, अजून काही? आणि पुढच्या वर्षी खंडेनवमी येणारच होती.

"थांब," वैद्यसाहेब म्हणाले. मी काय लिहितेय ते त्यांना पहिल्यांदाच पटकन कळलं. "मंजुरी आलेली नाही! कुणाच्या अधिकाराने..."

मी एंटर दाबलं. बोर्डाने 'झालं' अशा अर्थाची एक ओळ दाखवली. त्या कंपनीच्या आवारात इतकं सरळ उत्तर मला आधी कुणी दिलं नव्हतं.

पेणला पोचायच्या आत फोन आला होता. मालक माझ्यावर ओरडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. "तुला बोर्ड दुरुस्त करायला पाठवलं होतं की कंपनी?" एवढंच विचारून त्यांनी पिशवीतली केबल काढून खुंटीवर टांगली. माझ्या मते ती केबल माझी होती, मीच सोल्डर केलेली. मागितली नाही. भाऊंनी समितीतर्फे माझा सत्कार ठेवला, 'कंपनीचा कट उधळणारी' म्हणून. मी गेले नाही. माझ्या नावाने आणलेला नारळ त्यांनी कुणाला दिला ते अजून कळलेलं नाही.

गावाला माशांबद्दल काही मिळालं नाही. पाण्यात प्राणवायू कमी झाल्याने नैसर्गिकरीत्या मासे मेले, असं कंपनीने कळवलं. प्राणवायू कशाने कमी झाला हे विचारायला मी दोन पत्रकं काढली. तिसरं काढतेय. एक खरं, की ते काम मला आवडायचं. एखाद्या अनोळखी बोर्डासमोर बसावं, कळ दाबावी, आणि त्याने थबकून विचारावं, बोला. माणसं अशी थबकत नाहीत. मी पत्रक पुढे केलं की ती चालण्याचा वेग वाढवतात.

वैद्यसाहेबांची बदली झाली, बढतीवर. गेल्या महिन्यात सुदाम पेणच्या बाजारात भेटला. अजून गेटवरच आहे. शेवाच्या पुड्या बांधून घेता घेता त्याने नव्या मॅनेजरची हकिगत सांगितली. नवा माणूस हुशार, सगळी पॅनेलं स्वतः तपासणारा. गेटपाशी आला, दारावरच्या पडद्यावर लॅग बघितला, हातातल्या मंजूर कागदाशी ताडून बघितला आणि ताठ झाला.

"मला इचारतो कसा, हा आकडा इथं कसा आला? कागदावर तं शून्य हाय. याची मंजुरी कुठाय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, साहेब, मंजुरी मागितलेली हाय. मुंबईवरनं यायचीय. ती येईपर्यंत कुनी हात लावायचा नाय, असा कंपनीचा नियम हाय."

"आणि तो?"

सुदामने पुड्या पिशवीत टाकल्या. "तो म्हनला, बरोबर आहे, नियम म्हणजे नियम. फाइल फिरू दे."

आणि फाइल फिरतेय. मुंबईत कुणी वाचक त्या हेड ऑफिसात असतील, तर माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. हलली तर कुणीतरी 'नामंजूर' लिहायचा. ती अडकली असेल तिथेच राहू द्या.